सेमी-हॉलोचे पिकअप बदलायचेत: कोणते घ्यावेत, आणि आत शिरायचं कसं?

तारसप्तक:
नमस्कार मंडळी. गिटार आयबानेझ एएस७३, म्हणजे सेमी-हॉलो (अर्धी पोकळ), पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारे) मूळचेच, तारा ०.०१० च्या. ब्रिजकडच्या पिकअपबद्दल तक्रार नाही. नेकवर (मानेकडच्या पिकअपवर) मात्र जाड तीन तारांचा गाळ होतो, कॉर्डमधले सूर वेगळे ऐकू येत नाहीत. वाजवणं ब्लूज, थोडं जॅझ, जुनी हिंदी गाणी. ओव्हरड्राइव्ह हलकाच. दोन्ही पिकअप मिळून वीस हजारांच्या आत बसवायचेत. मागे झाकण नाही, मग वायरिंगपर्यंत हात पोचणार कसा? पॉटही (व्हॉल्यूम-टोनच्या बटणांखालचे) बदलावे लागतील का?

डाग_पक्का:
पाकीट उघडण्याआधी स्क्रूड्रायव्हर घ्या. दोन्ही ई तारा शेवटच्या फ्रेटवर दाबून तार आणि पोल स्क्रू (पिकअपवरचा, तारेखालचा) यांच्यातलं अंतर मोजा. सुरुवातीला नेकला २.४ मिमी आणि ब्रिजला १.६ मिमी ठेवा. मग नेकची जाड तारांकडची बाजू आणखी खाली, ३ मिमीपर्यंत न्या, आणि बारीक तारांचे पोल स्क्रू अर्धा फेरा वर घ्या. स्वस्त गिटारींत नेकचा पिकअप बहुधा तारांना नको इतका चिकटलेला असतो. गाळाचं अर्धं कारण तेच.

तारसप्तक:
केलं. फरक स्पष्ट आहे, पण वरचा उजेड अजूनही नाही. पिकअप बदलायचेच.

झणकार:
मग कमी ताकदीचे घ्या. सेमूर डंकन कंपनीचा '५९ (मॉडेलचं नाव) घेतलात तर गुंडाळीचा रोध नेकला साधारण ७.४ किलोओम, ब्रिज ८.१, चुंबक अल्निको ५. जाड तारा घट्ट राहतात, त्यामुळे तुमच्या तक्रारीवर नेकला हाच. त्यांचाच सेथ लव्हर अल्निको २ वर आहे, जास्त मऊ. गिब्सनसाठी ज्या इंजिनिअरने हंबकर (दोन गुंडाळ्यांचा पिकअप) घडवला (पेटंटचा अर्ज १९५५ चा, गिब्सनची सेमी-हॉलो ईएस-३३५ आली १९५८ मध्ये), त्याच्याच नावाचा. पण त्यात मेण भरलेलं नसतं. सेमी-हॉलोची वरची पातळ फळी आधीच थरथरते, त्यात गुंडाळीही सैल, म्हणजे आवाज चढवला की शिट्टी. छोट्या हॉलमध्ये अ‍ॅम्पजवळ उभं राहायचं असेल तर मेण भरलेलाच घ्या.

१४-१५ किलोओमचे सिरॅमिक चुंबकाचे पिकअप 'दमदार' म्हणून खपवले जातात. या गिटारीत नकोतच. गुंडाळी वाढली की वरचे सूर मरतात, आणि तुम्हाला तेच तर परत हवेत.

ऑर्डरआधी दोन मापं घ्या. पहिल्या आणि सहाव्या पोल स्क्रूच्या मध्यांमधलं अंतर: ४९-५० मिमी आलं तर नेहमीचा, ५१-५३ आलं तर रुंद मापाचा. दुसरं, खोबणीची खोली. पिकअपचे पाय तळाला टेकले तर तो खाली जातच नाही आणि उंची लावता येत नाही. तसं असेल तर आखूड पायांचा मागवा.

एफहोल:
आत शिरायचंच कशाला? पॉट खरखरत नसतील तर त्यांना हात लावू नका. एका वेळी एकच पिकअप काढा. सगळ्या तारा उतरवल्या की ब्रिज पडतो, त्याला आधी चिकटपट्टी लावा. पिकअपभोवतीच्या रिंगचे चार स्क्रू काढले की पिकअप वायरसकट वर येतो. जुनी वायर पिकअपपासून १०-१२ सेंमीवर कापा, म्हणजे आतलं टोक खोबणीतच हाताशी राहतं आणि जुना पिकअपही वाया जात नाही.

जोड असा: डंकनची काळी वायर जुन्या वायरच्या मधल्या तारेला. हिरवी आणि उघडी एकत्र करून जाळीला (मधल्या तारेभोवतीच्या विणीला, म्हणजे अर्थला). लाल आणि पांढरी एकमेकींना जोडून वेगळी झाका. डिमार्झिओ कंपनीचे घेतलात तर रंग बदलतात: लाल ती मधली, हिरवी आणि उघडी जाळीला, काळी-पांढरी एकत्र. हीट श्रिंकची नळी (तापवली की आवळणारी) आधी वायरवर सरकवा. डाग दिल्यावर आठवली तर पुन्हा सोडवत बसा. जाळीवरही नळी हवी. पोकळ खोक्यात ती उघडी जाळी कधीतरी हॉट (सिग्नलच्या) टोकाला टेकते आणि गिटार मुकी होते.

४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर. गिटारीवर जाड कापड टाका, पॉलिशवर पडलेला थेंब निघत नाही.

आणखी एक: नव्या पिकअपच्या पायांत त्याच्याचसोबत आलेले स्क्रू घाला. आटे वेगळे असतात, जुना जबरदस्तीने फिरवला की पाय गेला.

डाग_पक्का:
जोडाला माझा विरोध नाही, पण पॉट खरखरत असतील तर एकदाच सगळं उपसा. ५०० के चे पॉट, ०.०२२ मायक्रोफॅरडचे कॅपॅसिटर. सीटीएस कंपनीचे मोठे पॉट एफ होलमधून (गिटारीच्या पुढच्या f आकाराच्या भोकातून) जातील की नाही ते आधी मोजा (पॉटचा व्यास साधारण २४ मिमी), शिवाय त्यांच्या शाफ्टला ९.५ मिमीचं भोक लागतं. नाहीतर १६ मिमीचे छोटे पॉट घ्या. आवाजात फरक शोधूनही सापडणार नाही. पुठ्ठ्यावर भोकांचा नकाशा काढून त्यावरच सगळं वायरिंग जोडा आणि तपासा.

काढण्यापूर्वी प्रत्येक शाफ्टवर मऊ प्लास्टिकची नळी घट्ट चढवा, आतून ५-६ मिमीची, हार्डवेअरच्या दुकानातली. जुना पॉट एफ होलमधून बाहेर येताना नळीचं एक टोक भोकाबाहेर राहतं. तीच नवीन पॉटवर चढवली की तो ओढून जागेवर आणता येतो. नट आवळताना नळी ओढून धरा, नाहीतर पॉट आत गरगर फिरतो आणि पिळलेली वायर तुटते. टेलपीसकडे (तारा अडकवायच्या पट्टीकडे) जाणारी अर्थची वायर विसरू नका. गिटारची तार आणि जॅकचं बाहेरचं टोक यांच्यात मल्टिमीटर वाजलाच पाहिजे.

झणकार:
तारा चढवण्याआधी केबल लावून, व्हॉल्यूम पूर्ण उघडून मल्टिमीटरने रीडिंग घ्या. वरचे '५९ असतील तर ब्रिज साधारण ८, नेक ७.३, स्विच मधल्या जागी (दोन्ही पिकअप चालू) असताना ३.८ किलोओम. मधल्या जागी आवाज पातळ आणि नाकातला आला तर दोन पिकअप उलट फेजमध्ये आहेत, म्हणजे एकमेकांचा आवाज खोडतात. वेगवेगळ्या कंपन्यांची जोडी असली की हे घडतं, आणि मीटरच्या आकड्यात ते दिसत नाही. उपाय: एकाच डंकनची हिरवी आणि काळी अदलाबदल करा, उघडी मात्र जाळीलाच राहू द्या. धातूचं कव्हर तिलाच जोडलेलं असतं. ती हॉट केली तर कव्हरला हात लावताच गुणगुण.

तारसप्तक:
मापं झाली. पोल अंतर ५० मिमी, पॉट खरखरत नाहीत. नेक आणि ब्रिज दोन्ही '५९ मागवतोय, जोड खोबणीतच देणार. जुन्या वायरची जाळी उघडी आहे, म्हणजे हीट श्रिंक जास्तीची घेतो.

एफहोल:
३ आणि ५ मिमी, अर्धा-अर्धा मीटर पुरे.