मदत हवी आहे: तट्टाच्या आयाळीला खाज, गाठी आणि पायाला न भरणारी जखम (सोलापूर)

नमस्कार. आमच्याकडे दोन जनावरं आहेत. चांदी ही वरातीची पांढरी घोडी, चौदा वर्षांची. आणि मैना, भीमथडी तट्टू, बाबांनी चार वर्षांपूर्वी एका धनगराकडून घेतलेली. लगीनसराईत चांदी कमावते, गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर पोरांना फेऱ्या मारून मैना. आम्ही बाळ्याकडे राहतो, तबेल्याच्या मागेच नाला आहे.

जुलैपासून मैनाला खाज सुटलीय. रात्रभर खांबाला मान घासते, सकाळी बघावं तर खांबाला केसांचा पुंजका. अर्धी आयाळ गेली, शेपटीचा बुडखा उंदरानं कुरतडल्यासारखा दिसतो. मानेवर आणि पोटाखाली मधोमध हरभऱ्याएवढ्या गाठी आहेत, घासून घासून त्यांच्यावर खपल्या धरल्यात.

दुसरं म्हणजे मागच्या उजव्या पायाला खुराच्या जरा वर पत्र्यानं कापलं होतं. महिना झाला. जखम भरायची सोडून वाढतेय. आधी रुपयाएवढी होती, आता पाणीपुरीच्या पुरीएवढी, लाल, वर फुगून आलेली. काल ओल्या कापडानं पुसताना त्यातून भगरीच्या दाण्यांसारखे पिवळट खडे निघाले. चिमटीत धरले तर कडक लागतात. तिथंही खाजतं, मान वळवून स्वतःच चावते.

आतापर्यंत हळद-खोबरेल लावलं. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून बाबांनी एक दिवस जळकं ऑइलही लावलं, मी पुसून टाकलं. एका डॉक्टरांनी (नाव घेत नाही) इंजेक्शन दिलं, दोन दिवस खाज थांबली, तिसऱ्या दिवशी जैसे थे. त्यांनीच सांगितलं की गाई-म्हशींचं बघतो, घोड्याचं फारसं नाही. आता सगळे म्हणतायत म्हशीचं गोचिडाचं औषध फवार. फवारू का? चांदीला खाज नाही, पण तिच्या शेपटीखाली दोन-तीन काळ्या कडक गाठी आहेत, वर्षभर तशाच. हे सगळं एकच आहे का? तुळशीच्या लग्नानंतर तारखा घेतल्यात, बाबा रात्री उठून तबेल्यात जाऊन बसतात.

माळरान:
आधी ते फवारणीचं थांबवा! बाटलीवर अमित्राझ लिहिलंय का बघा. गाई-म्हशींना चालतं, घोड्याच्या आतड्याची हालचाल त्यानं बंद पडते आणि पोट फुगून जनावर जातं. आमच्या अकलूजकडं बाजारात पहिल्यांदा घोडं घेणारे हीच चूक करतात.

मग हे सांगा. नाकातून चिकट शेंबूड येतो का? मागच्या पायाच्या आतल्या बाजूला दोरीत ओवल्यासारख्या ओळीनं गाठी आहेत का, फुटून त्यातून मधासारखा पू येतो का? ताप किती? घोड्याचा साधारण ९९ ते १०१ फॅरनहाइट असतो. घरात कोणाला खाज, गोल चट्टे?

धागाकर्ता:
बाटलीवर अमित्राझच आहे, झाकण उघडलेलं नाही. नाक कोरडं. ओळीनं गाठी नाहीत. ताप आत्ता घेतला, १००.४. घरात कोणाला काही नाही. कडबा, दाणा सगळं खाते.

माळरान:
जीव भांड्यात पडला. ती लक्षणं असती तर ग्लँडर्सची, म्हणजे घोड्यांच्या एका जीवघेण्या लागट रोगाची शंका होती. तो माणसालाही होतो. जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या २००९च्या कायद्यानुसार त्याची खबर द्यावीच लागते, घरी उपचार करायचे नसतात. रक्त तपासायला हिसारच्या अश्व संशोधन केंद्राकडं जातं. तरी डॉक्टर आले की हा विषय तुम्ही स्वतःहून काढा.

पशुवैद्य_पुणे:
फोटोशिवाय बोलतोय, तेव्हा हे निदान समजू नका. पण मला इथं तीन वेगळ्या गोष्टी दिसतात.

आयाळ, शेपटीचा बुडखा, पोटाची मधली रेघ, पावसाळा आणि मागं नाला. हे सगळं चिलटांच्या चाव्याच्या ॲलर्जीकडं बोट दाखवतं. चिलटं ओल्या चिखलात वाढतात आणि दिवस मावळताना व पहाटे चावतात. ॲलर्जी एकाच जनावराला असू शकते, म्हणून चांदी शांत आहे. हे लागट नाही. खरूज आणि नायटा मात्र लागट असतात, म्हणून खपलीचं खरवडून नमुना तपासून घ्या. तोवर दोघींचा खरारा (अंग घासायचा ब्रश) वेगळा ठेवा.

पायाची जखम म्हणजे बहुधा बरसाती. घोड्याच्या जठरातल्या जंताच्या अळ्या लिदीतून माशीच्या अळीत जातात. ती माशी मोठी होऊन ओल्या जखमेवर बसली की जंताच्या अळ्या तिथं उतरतात. तिथं त्यांची पुढची वाढ होत नाही, पण शरीर चवताळतं आणि मांस वाढतं. तुमचे भगरीचे खडे ते हेच. हळदीनं अळी मरत नाही. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध लागतं, वजनाच्या किलोला ०.२ मिलिग्रॅम, तोंडातून. गाईचं इंजेक्शन घोड्याला टोचू नका, सूज येऊन गळू होतं. वजन असं काढा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी, भागिले ११,९००. मांस फार वाढलं असेल तर कापावं लागेल. तळ्यात-नाल्यात उभी करत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा, साचलेल्या पाण्यातल्या एका रोगातही असेच खडे पडतात.

चांदीचं तिसरंच. पांढऱ्या घोड्यांना वयानुसार शेपटीखाली काळ्या गाठी येतात, ती रंगपेशींची गाठ असते. खाजत नाही. दाखवून ठेवा, फोडू नका.

मागच्या डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉइड असावं. खाज थांबते, पण वारंवार दिलं तर खूर धरतात, म्हणजे खुराच्या आत सूज येऊन घोडं लंगडतं. चिठ्ठी असेल तर पुढच्या डॉक्टरांना दाखवा.

धागाकर्ता:
घेर १४०, लांबी १३५. म्हणजे २२२ किलो. बाबा डोळ्यानं तीनशे म्हणत होते!

भीमाकाठ:
घोड्याचे डॉक्टर शोधताय तर १९६२ ला फोन लावा, फिरता दवाखाना येतो. त्यांना आधीच सांगा की घोडं आहे. चिलटांसाठी साधा टेबलफॅन लावा, चिलट वाऱ्यात टिकत नाही. दुपारी चारनंतर आत घ्या, उजाडून तासभर झाल्यावर बाहेर काढा. लीद रोज उचलून खड्ड्यात झाका. कडुलिंबाचा धूर बंद खोलीत करू नका, घोड्याच्या छातीला झेपत नाही.

धागाकर्ता (अठरा दिवसांनी):
डॉक्टर आले. खरवडलेल्या नमुन्यात खरूज नाही, ग्लँडर्ससाठी रक्त पाठवलं होतं, तेही नाही निघालं. जखमेचा तुकडा तपासला, बरसातीच आहे. जंताच्या औषधाची पेस्ट दिली, वाढलेलं मांस भूल देऊन कापलं, रोज सलाइननं धुऊन पट्टी बांधतोय. जखम परत रुपयाएवढी झालीय. खाज पूर्ण गेली नाही, पण पंखा लावल्यापासून खांबाला केस चिकटत नाहीत.

तबेल्यामागच्या नाल्याचं कोणाला सांगायचं ते विचारत महापालिकेत दोन खिडक्या फिरून झाल्या. आयाळ परत यायला किती महिने लागतात, कोणी सांगेल का? गड्डा जानेवारीत आहे.