किल्ली-मशीन आणि जुनी तिजोरी विकायची आहे, कागद कसा करावा?

गणपतीपेठकर, सांगली: किल्ल्या कापायचं मशीन, कार-किल्लीचा प्रोग्रॅमर (गाडीला नवी किल्ली जुळवायचं यंत्र) आणि एक तिजोरी मिरजेच्या कारागिराला द्यायची आहे. दोघांचीही जीएसटी नोंदणी नाही. उद्या चौकशी झाली तर विक्री सिद्ध होईल असा कागद हवाय.

कुलूपवाला: दादा, ‘जुनं मशीन विकलं’ एवढ्यावर भागत नाही. कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, मोटरचे वॅट, सोबतचे कटर हे सगळं वस्तूवार लिहा. नंबरप्लेट झिजली असेल तर तसं नोंदवून फोटो जोडा, कारण संशय तिथूनच सुरू होतो. मूळ खरेदी बिलाची प्रत लावा. करारनामा 500 रुपयांच्या मुद्रांकावर, दोन साक्षीदारांसह. पैसे बँकेतूनच घ्या आणि व्यवहार क्रमांक करारात टाका. आधारची प्रत मास्क केलेलीच (पहिले आठ अंक झाकलेली) द्या-घ्या.

मिरजकर: तिजोरीच्या किल्ल्या किती दिल्या ते आकड्यात आणि अक्षरात लिहा. कॉम्बिनेशन, म्हणजे तिजोरी उघडायचा आकडा, कागदावर अजिबात नको. घेणाऱ्यासमोर नवा आकडा लावा आणि दार उघडं ठेवूनच तीनदा फिरवून बघा. दार बंद करून पहिली चाचणी घेतली आणि चाक जरा चुकलं, तर ड्रिल मारायची वेळ येते.

गणपतीपेठकर: आणि प्रोग्रॅमर?

कुलूपवाला: आधी प्रोग्रॅमरच्या खात्यातून तुमचं नाव काढा, साठवलेला गाड्यांचा डेटा पुसा. गिऱ्हाइकांच्या किल्ली-कोडची वही मात्र कुठल्याही भावात देऊ नका; ती माहिती त्यांची आहे. ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून सही घ्या.