फ्रान्सचा पंतप्रधान नामधारी नाही

नेहमी म्हटलं जातं की फ्रान्समध्ये सगळी सत्ता राष्ट्राध्यक्षाकडे, पंतप्रधान म्हणजे त्याच्या हाताखालचा माणूस. हे संसदेत राष्ट्राध्यक्षाचं बहुमत असेपर्यंतच खरं आहे. फ्रान्सच्या राज्यघटनेच्या कलम ८ नुसार पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्राध्यक्ष करतो, पण त्याला बडतर्फ करण्याचा अधिकार त्या कलमात नाही. पंतप्रधानाने स्वतः सरकारचा राजीनामा द्यावा लागतो. दोघं एका पक्षाचे असले की तो मागितल्यावर मिळतो. विरोधी पक्षाचा पंतप्रधान कशाला देईल?

१९८६ चं उदाहरण बघा. राष्ट्राध्यक्ष मित्तराँ समाजवादी, पण संसदेत बहुमत उजव्यांचं, म्हणून पंतप्रधान शिराक उजवे. शिराक यांनी खासगीकरणाचा अध्यादेश पुढे केला. १४ जुलैला मित्तराँ यांनी टीव्हीवर सांगितलं, सही करणार नाही. शिराक यांनी तोच विषय विधेयक म्हणून संसदेत नेला आणि ऑगस्टच्या सुरुवातीला कायदा झालासुद्धा. कारण राष्ट्राध्यक्षाला अध्यादेश अडवता येतो, पण संसदेने मंजूर केलेला कायदा १५ दिवसांत जारी करावाच लागतो. फार तर फेरविचाराला परत धाडता येतो. (आपल्या राज्यघटनेच्या कलम १११ मध्ये राष्ट्रपतींवर अशी दिवसांची मर्यादा नाही, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.)

२००० च्या सार्वमताने राष्ट्राध्यक्षाची मुदत ७ वरून ५ वर्षांवर, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहाइतकीच झाली, ती बऱ्याच अंशी राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं हा पेच टाळायलाच. पण २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅक्राँ यांनी ते सभागृह मुदतीआधी विसर्जित केलं, कोणालाच बहुमत मिळालं नाही, आणि पंतप्रधान बार्निए यांचं सरकार तीन महिन्यांत अविश्वास ठरावावर पडलं.