ॲम्प दुपारी गप्प, रात्री झक्कास. छंदाला पण हिशोब लागतो का?

मायकावॉशर: मंडळी, टीडीए२०३० (ॲम्पची आयसी) चे दोन चॅनल, १२-०-१२ (मधल्या तारेच्या दोन्ही बाजूंना १२ व्होल्ट देणारा) ट्रान्सफॉर्मर, ४ ओहमचे स्पीकर असा ॲम्प घरीच जोडलाय. सप्लाय मोजला, ±१७ व्होल्ट येतोय. रात्री मस्त वाजतो, पण दुपारी आमच्या पत्र्याच्या खोलीत वीसेक मिनिटं झाली की आवाज गप्प, जरा वेळानं आपोआप चालू, परत गप्प. मावसभाऊ पुण्यात कंपनीत ॲम्प डिझाइन करतो, तो म्हणतो आधी डेटाशीट (आयसी बनवणाऱ्या कंपनीचं माहितीपत्रक) वाच, हिशोब कर, मग सोल्डरला हात लाव. छंदाला एवढं लागतं का ओ? सर्किट नेटवरचंच आहे, सगळ्यांचं चालतंय की.

होटगीरोड: डुप्लिकेट आयसी असणार. बदलून बघ.

रेलव्होल्ट: डुप्लिकेट असेलही, पण हे लक्षण सरळ थर्मल शटडाऊनचं आहे, आतमध्ये १५० डिग्रीच्या आसपास गेलं की ती आयसी स्वतःच बंद होते. आम्हाला नोकरीत पहिला प्रश्न हाच विचारतात, सगळ्यात वाईट दिवशी काय होईल? तुझा तो दिवस म्हणजे सोलापूरचा मे, बाहेर ४३, पत्र्याखाली डब्यात ५५ धर. ±१७ वर ४ ओहमला एकेक आयसी १४-१५ वॅट उष्णता टाकू शकते, आतल्या चिपपासून आयसीच्या मागच्या पत्रीपर्यंतच वॅटमागं ३ डिग्री, म्हणजे ४५ तिथंच गेले. १५० मधनं ५५ आणि ४५ वजा, हीटसिंकला (आयसीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) उरले ५०. केवढा लावलायस?
आणि ट्रान्सफॉर्मरवरचा १२ व्होल्ट हा फुल लोडचा आकडा असतो, लोड कमी की तो चढतो. रात्री लूम (यंत्रमाग) बंद झाले की लाइनचा व्होल्टेज पण चढतो, साध्या २०३० ची मर्यादाच ±१८ आहे. ९-०-९ लाव, वॅट निम्मे होतील पण कानाला ३ डीबीचाच, म्हणजे थोडासाच फरक.

जुनारिपेरवाला: साहेबांचा हिशोब बरोबर. पण कंपनीवाले हिशोब करतात ते हीटसिंकचे पैसे वाचवायला पण, त्यांना हजार नग काढायचेत. तुला एकच करायचाय की बे, भंगारातनं वीतभर हीटसिंक आण, विषय संपला. फक्त या आयसीची मागची पत्री मायनसला असते, मध्ये अभ्रक (मायका) न घालता कॅबिनेटला टेकवलीस तर सप्लाय शॉर्ट. नाव मायकावॉशर आणि मायकाच विसरशील.

मायकावॉशर: हीटसिंक काडेपेटीएवढा आहे 🙈 आत्ता रात्री ११ ला परत मीटर लावला, १८.६ दाखवतोय. उद्या ९-०-९ आणतो. मावसभावाला कुणी सांगू नका.