मदत हवी आहे: सासूबाईंच्या आजोबांचा जन्मदाखला सापडत नाही (लँकेशायर, १८७९)

पेंडलची_सून

नमस्कार मंडळी. इंग्रज माणसाचा शोध मराठीत विचारतेय, हसू नका. इथल्या इंग्रजी गटांवर दोनदा विचारून झालं. प्रत्येकाने वेगळ्याच साइटचं नाव सांगितलं आणि माझा आणखी गोंधळ झाला. आपल्या भाषेत कोणी समजावलं तर डोक्यात शिरेल, म्हणून हा प्रपंच.

मी मूळची सांगलीची, गेली अकरा वर्षं बर्नलीजवळ राहते. सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत. (मी त्यांना नावाने हाक मारते. माझ्या आईला ते अजून पचलेलं नाही.) त्यांची एकच इच्छा आहे, वडिलांच्या वडिलांचं घराणं कुठलं ते कळावं. माझ्या माहेरी कुलवृत्तांत आहे, त्र्यंबकेश्वरला आमच्या उपाध्यायांच्या वहीत पणजोबांची सही आहे. हे त्यांना सांगून बसले तेव्हापासून माझ्या मागे लागल्यात. नवऱ्याला काडीचा रस नाही.

माझ्याकडे आहे ते असं. आडनाव मुद्दाम देत नाही, पण इथे ते आपल्याकडच्या जाधव-पाटलांइतकं बक्कळ आहे.

१) घरातलं जुनं बायबल. पहिल्या कोऱ्या पानावर आजोबांच्या हातच्या जन्मतारखा: स्वतःची (२७ मे १८७९), बायकोची, तीन मुलांची, आणि सगळ्यात वर त्यांच्या थोरल्या बहिणीची. बाकी भावंडं होती, त्यांची एकही तारीख नाही. स्वतःच्या नावात एक मधलं नाव लिहिलंय. ते नाव कमी आणि आडनाव जास्त वाटतं.

२) १९०३ चा विवाहदाखला. वय २४, धंदा विणकर. वडिलांच्या रकान्यात नाव आहे, पुढे 'मृत'.

३) १८९१ ची जनगणना. त्याच नावाचे वडील ६२ वर्षांचे, आई ५९. मुलं घरात: थोरली मुलगी ३१, अविवाहित, विणकर, मग २४ आणि २० चे दोन मुलगे, आणि शेवटी आमचे आजोबा, वय १२, 'मुलगा', गिरणीत हाफ-टायमर. जन्मगाव मार्सडेन.

अडचण इथे आहे. जीआरओच्या (इंग्लंडचं जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीचं मुख्य कार्यालय) सूचीत १८७९ ची जून तिमाही पालथी घातली, या आईच्या माहेरच्या आडनावासह एकही जन्म नाही. सप्टेंबर तिमाहीत बर्नली जिल्ह्यात त्याच नावाचा एक मुलगा आहे, पण आईच्या माहेरच्या आडनावाच्या जागी नुसती आडवी रेघ आहे. मधलं नावही नाही. म्हणजे आपला नव्हे, म्हणून सोडून दिला. शिवाय १९११ मध्ये आजोबा जन्मगाव नेल्सन सांगतात. दोन वेगळी माणसं तर नाहीत ना? १८८१ च्या जनगणनेतली नोंदही मिळत नाही.

दप्तरवेडा

पेंडलताई, धागा छान मांडलाय. इतकी माहिती देऊन विचारणारी माणसं विरळा.

आधी सोपं. मार्सडेन आणि नेल्सन एकच. ग्रेट आणि लिटल मार्सडेनच्या मध्ये लॉर्ड नेल्सन नावाची खाणावळ होती, तिच्याभोवती गिरण्यांचं गाव वाढलं आणि खाणावळीचंच नाव गावाला पडलं. नगरपालिका १८९० ला झाली. म्हातारी माणसं जुनं नाव सांगत राहिली. आपल्याकडे 'व्हीटी'ला उतरणारे लोक अजून आहेत, तसंच.

दुसरं, तिमाही. सूचीत जन्माची नाही, नोंदणीची तिमाही असते. नोंदणीला ४२ दिवसांची मुदत होती. २७ मेला जन्मलेलं मूल ८ जुलैपर्यंत नोंदवलं तरी चालायचं, म्हणजे सप्टेंबर तिमाहीत गेलं. तुम्ही सोडून दिलेला मुलगा तारखेला तरी बसतोय.

आता ती रेघ. जीआरओने ही सूची मूळ नोंदींवरून नव्याने केली, त्यामुळे तिच्यात १८३७ पासून आईचं माहेरचं आडनाव मिळतं (जुन्या छापील सूचीत ते १९११ च्या सप्टेंबर तिमाहीपासूनच आहे). आई अविवाहित असेल तर तिचं माहेरचं आडनाव वेगळं द्यायचा प्रश्नच नसतो, तिथे रेघ येते. तुम्ही रेघ बघून 'आपला नव्हे' म्हणालात. मी रेघ बघूनच थांबलो असतो.

१८९१ चा हिशेब पुन्हा करा. आई ५९, मुलगा १२, म्हणजे ४७ व्या वर्षी बाळंतपण. आधीचं मूल २० वर्षांचं. मध्ये आठ वर्षं कोणी नाही. आणि घरात ३१ वर्षांची अविवाहित थोरली मुलगी. अजून काही लिहीत नाही. आधी १८८१ शोधा.

गिरणगावकर

शोधातलं मला काही कळत नाही, पण हाफ-टायमर वाचून थांबलो. माझे आजोबा लालबागला साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. धोट्याचा मार लागून गेलेली दोन बोटं दाखवायचे. लँकेशायरचं हे म्हणजे अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा. तेव्हा दहाव्या वर्षापासून घेत, १८९३ ला अकरा झालं, १९०१ च्या कायद्याने बारा. सकाळी सहाला उभं राहिलेलं पोर दुपारी शाळेत झोपणार नाही तर काय करणार?

त्या म्हाताऱ्या जोडप्याने १८६१ ते ६५ चा कापसाचा दुष्काळही सोसला असणार. अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्याकडचा सुरती कापूस त्यांच्या साच्यांवर गेला. आखूड धाग्याचा, सारखा तुटणारा. तिकडचे विणकर सुरतेच्या नावाने बोटं मोडायचे. इकडे मुंबईत त्याच कापसावर लोक रातोरात शेठ झाले. असो, अवांतर झालं.

लेस्टरवासी

१८८१ न सापडण्याचं बहुतेक कारण लिप्यंतर, म्हणजे हस्ताक्षर वाचून टंकताना झालेली चूक. आडनाव टाकूच नका. पहिलं नाव, वय दोन वर्षं पुढेमागे, जन्मगाव मार्सडेन आणि परगणा इतकंच टाकून बघा. १८८१ चं लिप्यंतर फॅमिलीसर्चवर फुकट आहे. आणि कुठलंही सदस्यत्व विकत घ्यायच्या आधी तुमच्या कौन्सिलच्या ग्रंथालयात जा, बहुतेक ठिकाणी तिथल्या संगणकावर मोठ्या साइट्स फुकट बघता येतात. माझ्या मैत्रिणीने हे कळायच्या आधी वर्षभर पैसे भरले.

बाप्तिस्म्यासाठी 'लँकेशायर ऑनलाइन पॅरिश क्लर्क' बघा, सगळं स्वयंसेवकांनी उतरवलेलं. मात्र त्या भागात मेथडिस्ट चॅपलवाले पुष्कळ. फक्त चर्चच्या नोंदी बघून 'नाही' म्हणू नका.

अजून एक. १९११ ची तुम्ही मूळ प्रतिमा उघडलीत की टंकलेला मजकूर वाचलात? १९११ चे फॉर्म घरच्या कर्त्याने स्वतः भरलेले आहेत, तेच जपलेत. आधीच्या जनगणनांत आपल्याला मिळते ती गणकाने वहीत उतरवलेली प्रत.

खोडरबर

सगळे फार भराभर निघालात. शेंडेफळ होऊ शकतं. ४७ ला मूल अवघड असेल, अशक्य नाही. आडनाव बक्कळ आहे हे ताईंनीच लिहिलंय, मग रेघेवाला मुलगा भलत्याच घरचा असेल. लहानपणी वारलेला असेल. त्याच जिल्ह्यात पुढच्या पाच वर्षांचे मृत्यू तपासलेत का? जीआरओच्या सूचीत मृत्यूवेळचं वयही दिसतं.

आणि त्या मधल्या नावावरून कोणी काही काढणार असेल तर आत्ताच सांगतो, तिकडे आजीचं माहेरचं आडनाव मधे लावायची रीत होती.

पेंडलची_सून

खोडरबर, मृत्यू तपासले. त्या नावाचे दोन मुलगे गेलेत, पण वयं जुळत नाहीत. आणि आजीचं, म्हणजे त्या ५९ वर्षांच्या बाईंचं माहेरचं आडनाव वेगळं आहे, त्यांच्या लग्नाची नोंद माझ्याकडे आहे. मधलं नाव तिकडून आलेलं नाही.

लेस्टरवासी, तुमचे पाय कुठे आहेत? आडनाव न टाकता शोधलं आणि १५ मिनिटांत १८८१ सापडलं. आडनावाचं पहिलंच अक्षर चुकीचं वाचलंय. घर तेच, म्हातारा-म्हातारी तीच. थोरली मुलगी २१, अविवाहित, विणकर. तिच्याखाली भाऊ. सगळ्यात शेवटी आमचे आजोबा, वय १, आणि नात्याच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात 'नातू'.

मग जन्मनोंदीची डिजिटल प्रतिमा घेतली. (छापील दाखल्यापेक्षा बरीच स्वस्त, आणि पैसे भरले की लगेच दिसते.) तारीख २७ मे १८७९. आई: थोरली मुलगी. वडिलांचा रकाना कोरा.

म्हणजे १९०३ ला लग्नाच्या वेळी आजोबांनी वडील म्हणून आपल्या आजोबांचं नाव सांगितलं. आणि १८९१ ला गणकाला कोणीतरी 'मुलगा' सांगितलं होतं.

आता १९११. मी फक्त टंकलेला मजकूर वाचला होता. त्यात थोरली 'बहीण', वय ५१, आजोबांच्या घरी राहणारी. काल रात्री प्रतिमा उघडली. नात्याच्या रकान्यात 'बहीण' आहे खरं, पण त्याच्या आधी काहीतरी लिहून खोडलंय. मोठं करून बघितलं. एकच सरळ रेघ मारलीय, खालचं वाचता येतं. इंग्रजी 'मदर' (Mother) मधली पहिली चार अक्षरं आहेत.

नवऱ्याला बोलावून दाखवलं. तोही खुर्ची ओढून बसला.

खोडरबर

रकाना भरताना नजर चुकते माणसाची. पण १८८१ चा नातू आणि कोरा रकाना, यापुढे मी काय बोलणार. मागे घेतो.

लेस्टरवासी

नजरचूक वाटत नाही. १९११ च्या फॉर्मचा क्रम बघा: नाव, नातं, वय, आणि त्यानंतर लग्न झालंय की नाही. 'आई' लिहायला घेतलं, आणि लक्षात आलं की दोन रकाने पुढे तिच्यासमोर 'अविवाहित' लिहावं लागणार आहे. फॉर्म न्यायला गणक दारात येणार, तो गावातलाच.

दप्तरवेडा

वडिलांचा रकाना कोरा याचा अर्थ बाप माहीत नव्हता असा नाही. १८७५ पासून नियम असा होता की लग्न झालेलं नसेल तर बापाने स्वतः आईबरोबर येऊन सही करायची, तरच नाव लागेल. हा गृहस्थ आला नाही, एवढंच त्यातून कळतं.

आता मधलं नाव. आपल्याकडे मधलं नाव बापाचं असतं. इथेही कधी कधी असतं, कारण वेगळं. अविवाहित आया बापाचं आडनाव मुलाच्या मधल्या नावात घालून ठेवायच्या. खोडरबर म्हणतात तशी दुसरी कारणंही असतात, म्हणून पुरावा लागेल. बाप्तिस्मा शोधा, तिथे मधलं नाव आहे का बघा. मग १८८१ मध्ये आसपासच्या गल्ल्यांत त्या आडनावाची कोण घरं आहेत ती काढा.

दुसरा रस्ता कोर्टाचा. १८७२ च्या कायद्याने अविवाहित आईला स्थानिक मॅजिस्ट्रेटकडे पोटगी मागता यायची, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. अशा न्यायालयांची दप्तरं सगळी टिकलेली नाहीत, जी आहेत ती परगण्याच्या अभिलेखागारात, तुमच्या बाबतीत प्रेस्टनला. त्या काळच्या स्थानिक वर्तमानपत्रांतही असे दावे छापून यायचे, नावांसकट. १८७९-८० चे अंक चाळा.

तिसरा रस्ता डीएनए. चाचणी तुमच्या यजमानांची नको, सासूबाईंची करा. त्या एक पिढी जवळ आहेत.

पण त्याआधी एक विचारतो. सासूबाईंना सांगितलंत का?

पेंडलची_सून

दोन दिवस लिहिलं नाही, त्याचं कारण तेच. कसं सांगायचं याचा विचार करत होते. ८४ वर्षांच्या बाईला तिच्या आजोबांच्या जन्माबद्दल हे सांगायचं, तेही सुनेने. आमच्या घरी असं काही निघालं असतं तर कुलवृत्तांताचं ते पानच कोणी छापलं नसतं.

शेवटी काल चहाच्या वेळी लॅपटॉप पुढे ठेवला आणि खोडलेला शब्द दाखवला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "तरीच बायबलात तिची तारीख सगळ्यात वर आहे." आणि उठून गॅसवरची किटली बंद केली, ती केव्हाची शिट्टी मारत होती.

नंतर स्वतःहून सांगत बसल्या. ही आत्याआजी त्यांच्या जन्माआधीच गेली. पण त्यांचे वडील सांगायचे की ती घरात असेपर्यंत आजोबा पगाराचं पाकीट न उघडता तिच्या हातात द्यायचे, बायकोच्या नाही. आजीला त्याचा राग होता म्हणे.

बाप्तिस्मा मिळाला. चॅपलमध्ये नाही, चर्चमध्येच, ऑगस्ट १८७९. आईचं एकटीचं नाव, पुढे 'अविवाहित', आणि मुलाला मधलं नाव आहे. नोंदणीच्या वेळी नव्हतं, बाप्तिस्म्याला आलं. त्या आडनावाची तीन घरं १८८१ ला जवळपास सापडली, त्यातलं एक दोन गल्ल्या सोडून. त्या घरात २४ वर्षांचा मुलगा आहे, विणकर. खोडरबर, मी अजून काही म्हणत नाहीये.

प्रेस्टनला पुढच्या महिन्यात जाणार, कॅटलॉगमध्ये काय मागवायचं ते दप्तरवेडा यांना व्यनि (खासगी निरोप) करते. डीएनएची डबी मागवलीय. थुंकी द्यायच्या आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही असं तिच्यावर लिहिलंय. थुंकायला सासूबाईंची हरकत नाही. चहाशिवाय अर्धा तास, यावर बोलणी चालू आहेत.