ट्रॅनमिअर रोव्हर्सचा बेल एकच की दोन? आणि 401 चा हिशेब

मर्सीपार

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, मंगळवार पेठेतला. गेली चार वर्षं इंग्लंडात बर्कनहेडला आहे. लिव्हरपूलच्या बरोबर समोर, मर्सी नदीच्या ह्या काठाला आमचं गाव. लिव्हरपूलजवळ राहतो म्हटलं की लगेच विचारतात, लाल की निळा? म्हणजे लिव्हरपूल क्लब की एव्हर्टन? आमच्या गल्लीत दोन्ही नाही, पांढरा. म्हणजे ट्रॅनमिअर रोव्हर्स. 1884 साली सुरू झालेला क्लब, मैदान प्रेंटन पार्क, चौथ्या पायरीवर लीग टूमध्ये खेळणारा. शनिवारी सगळी गर्दी नदीपलीकडे लिव्हरपूल नाहीतर एव्हर्टनला जायची म्हणून ह्यांनी वर्षानुवर्षं घरचे सामने शुक्रवारी रात्री ठेवले. हे ऐकलं आणि मला क्लब आवडला. थोरल्या जावेसमोर धाकटीनं आपली चूल वेगळी मांडावी तसं.

तर माझ्या शेजारी एक आजोबा आहेत, वय 84. लहानपणापासून प्रेंटन पार्कला जातात. त्यांच्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात कागदाच्या चिठ्ठ्या आहेत, त्यावर नुसते आकडे. पुढच्या महिन्यात पंच्याऐंशी पूर्ण होतात म्हणून त्यांच्या मुलीनं आणि मी ठरवलं की हे सगळं एका चांगल्या जाड वहीत नीट लिहून द्यायचं. मुलीनं गुपचूप चिठ्ठ्यांचे फोटो पाठवलेत. आजोबांना विचारलं तर बिंग फुटेल, म्हणून तुम्हाला विचारतोय. अडलेल्या चिठ्ठ्या अशा :

एकीवर "बेल 9, पेनल्टी हुकली".

दुसरीवर "बेल 401, एकदाही बाहेर नाही, नऊ हंगाम". आता हा बेल तोच का? आणि मी गणित केलं. हंगामात 46 सामने, नऊ हंगाम, 414 होतात. 401 कसे? तेरा सामने बाहेर होता म्हणायचं तर "एकदाही बाहेर नाही" हे खोटं पडतं. आजोबा खोटं लिहिणारे नाहीत.

तिसरीवर "1–4, 13–4, दोन दिवस". हे मला छपाईची चूक वाटते, पण चिठ्ठी हातानं लिहिलेली आहे, त्यामुळे तेही म्हणता येत नाही.

चौथीवर "24,424 स्टोक". हे प्रेक्षक असावेत. पण मैदानात तर सोळा हजारांच्या आसपासच माणसं मावतात.

पाचवीवर फक्त "0.94". खाली लाल शाईच्या दोन रेघा.

वही पक्क्या शाईत लिहायची आहे, त्यामुळे "बहुतेक" वाली उत्तरं नकोत. आगाऊ आभार.

पेठकरी

मंगळवार पेठेतला माणूस इंग्लंडात जाऊन चौथ्या पायरीचा क्लब धरून बसलाय, बरं वाटलं. आपल्याकडं शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळाच्या सामन्याला पाय ठेवायला जागा नसते, पण तीस वर्षांपूर्वीच्या फायनलला गोल कुणी मारला विचारा. चार माणसं, पाच नावं. चिठ्ठ्या लिहिणारा एक आजोबा आपल्या पेठेत पण पाहिजे होता राव.

उत्तर माहीत नाही, धागा वर ठेवतोय.

आकडेमोडे

मर्सीपार, बेल दोन आहेत आणि तुमचे आजोबा दोन्ही चिठ्ठ्यांत बरोबर आहेत.

नऊ गोलवाला तो रॉबर्ट बेल. सगळे त्याला "बनी" म्हणत. पुढं राहून गोल मारणारा, 1930 च्या दशकातला. 401 वाला हॅरल्ड बेल, बचावफळीच्या मधला सेंटर-हाफ, दुसऱ्या महायुद्धानंतरचा. गंमत म्हणजे एकाचे नऊ गोल आणि दुसऱ्याचे नऊ हंगाम, त्यामुळे कुणाचाही गोंधळ व्हावा.

आता तुमचं 414. तुमची चूक एवढीच की आजचा हंगाम तुम्ही तेव्हाला लावलात. युद्धानंतर लीग पुन्हा सुरू झाली ऑगस्ट 1946 मध्ये. ट्रॅनमिअर तेव्हा थर्ड डिव्हिजन नॉर्थमध्ये. त्या गटात 22 क्लब. प्रत्येकाशी घरी एक, बाहेर एक, म्हणजे हंगामाला 42 सामने. 1950 साली गट वाढवून 24 क्लबांचा केला, तेव्हापासून 46. आता मांडा : 1946-47 ते 1949-50 हे चार हंगाम, चार गुणिले बेचाळीस, 168. 1950-51 ते 1954-55 हे पाच हंगाम, पाच गुणिले सेहेचाळीस, 230. बेरीज 398. मग 1955-56 च्या सुरुवातीचे तीन सामने खेळला, झाले 401. 30 ऑगस्ट 1955 च्या सामन्याला त्याला संघातून वगळलं आणि साखळी तुटली.

मी बँकेत तेहतीस वर्षं लेजर जुळवलंय. असा ताळेबंद पैशापर्यंत जुळला की चहा गोड लागतो.

एक गोष्ट वहीत जरूर लिहा. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडू 1965 पर्यंत नव्हतेच. म्हणजे हॅरल्डच्या 401 मध्ये "शेवटची पाच मिनिटं मैदानात आला आणि नोंद लागली" असला एकही सामना नाही. लंगडत असला तरी मैदानातच. प्रीमियर लीगमध्ये सलग सामन्यांचा विक्रम ब्रॅड फ्रीडेलचा, 310. तोही गोलरक्षक. हॅरल्डचे एकूण लीग सामने 595.

आणि शब्द जपून वापरा : "सलग 401 *लीग* सामने". कप स्पर्धांचे सामने ह्यात धरलेले नाहीत. ते मिसळले की आकडा वेगळा होतो आणि मग दोन पुस्तकांत दोन आकडे दिसतात.

गोलपोस्ट

तिसरी चिठ्ठी माझी! ही माझी आवडती गोष्ट आहे, जरा लांबण लावतो.

पूर्वी इंग्लंडात नाताळच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, बॉक्सिंग डेला, असे लागोपाठ सामने असत, आणि बहुतेक वेळा त्याच दोन क्लबांत. एक ह्यांच्याकडे, एक त्यांच्याकडे. 25 डिसेंबर 1935 ला ट्रॅनमिअर ओल्डहॅमला गेले आणि 4–1 ने हरून आले. दुसऱ्या दिवशी तेच ओल्डहॅम प्रेंटन पार्कला आले. ट्रॅनमिअर 13, ओल्डहॅम 4. एका लीग सामन्यात सतरा गोल, ह्याच्या पुढं आजवर कुणी गेलेलं नाही. त्यातले नऊ बनी बेलचे, आणि वर एक पेनल्टी घालवली. चोवीस तासांत असं काय बदललं हे मला कधी कळलेलं नाही. ओल्डहॅमवाले नाताळचं जेवण जरा जास्त जेवले असावेत असं म्हणून मी सोडून देतो. तसा हा प्रकार एकटा नाही. 1963 च्या बॉक्सिंग डेला फुलहॅमने इप्सविचला 10–1 धुतलं आणि दोन दिवसांनी इप्सविचने त्यांनाच 4–2 हरवलं.

पण तो 1935-36 चा हंगामच वेगळा होता. 14 डिसेंबरला आर्सेनलच्या टेड ड्रेकने अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्ध सात मारले. बारा दिवसांनी बेलचे नऊ, लीगमधला नवा विक्रम. तो बेलला किती दिवस मिळाला? 109. 13 एप्रिल 1936, ईस्टरचा सोमवार. ल्युटन टाउनला सेंटर-फॉरवर्ड मिळेना म्हणून त्यांनी जो पेन नावाच्या हाफ-बॅकला, म्हणजे मधल्या फळीतल्या खेळाडूला, पुढं उभा केला. त्यानं ब्रिस्टल रोव्हर्सविरुद्ध दहा गोल केले! ल्युटन 12–0. तेव्हापासून तो विक्रम पेनचाच. आणि बेलची जी पेनल्टी हुकली, ती बसली असती तर त्याचेही दहा झाले असते. आजोबांनी "9" च्या शेजारी "पेनल्टी हुकली" उगीच लिहिलेलं नाही.

एवढे गोल का व्हायचे? 1925 साली ऑफसाइडचा नियम सैल केला. आधी आक्रमकाच्या पुढं विरोधी संघाचे तीन खेळाडू लागत, मग दोनच पुरेसे झाले. वरच्या विभागात आदल्या हंगामात 1,192 गोल होते, बदलानंतरच्या हंगामात 1,703. पुढं बचाव सुधारला, पण खालच्या विभागांत सुधारणा हळू पोचते.

बनी बेल 1936 मध्येच एव्हर्टनला गेला. तिथं आधीच डिक्सी डीन बसलेला. तोही बर्कनहेडचाच, त्यालाही ट्रॅनमिअरनेच 1925 मध्ये तीन हजार पौंडांना एव्हर्टनला विकलेलं. एका हंगामात साठ लीग गोल मारलेला माणूस. डीनचा भर ओसरतोय तोवर टॉमी लॉटन आला. बनीला फारशी संधी मिळालीच नाही.

कृष्णाकाठ

फुटबॉलमधलं कळत नाही, पण हे वाचून भाऊसाहेब निंबाळकर आठवले. 1948, पुणे, महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद 443. ब्रॅडमनच्या 452 ला नऊच कमी, आणि समोरच्या संघानं पुढं खेळायलाच नकार दिला. कसोटी एकही नाही मिळाली. इथंही नऊच. बनी बेलला पेनल्टी तरी मिळाली होती!

गोलपोस्ट

कृष्णाकाठ, एकदम बरोबर. फक्त निंबाळकरांनी काही हुकवलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं जास्त दुखतं.

थेम्सवरून

चौथी आणि पाचवी चिठ्ठी मी घेते.

24,424 हे प्रेक्षकच, 5 फेब्रुवारी 1972, एफए कपची चौथी फेरी, स्टोक सिटीविरुद्ध. सामना 2–2. स्टोक म्हणजे इंग्लंडचा गोलरक्षक गॉर्डन बँक्सचा संघ, आणि पुढच्याच महिन्यात त्यांनी वेम्बलीवर चेल्सीला हरवून लीग कप जिंकला. म्हणजे पाहुणे साधेसुधे नव्हते. तेव्हा लोक उभे राहून सामना बघत, म्हणून एवढे मावले. 1990 च्या दशकात सगळीकडे खुर्च्या बसवल्या, त्यामुळे आता हा आकडा प्रेंटन पार्कवर मोडणं शक्यच नाही. संघ कितीही चांगला खेळो.

0.94 ही हसायची चिठ्ठी नाही, म्हणून दोन रेघा.

2019-20, करोनाचा हंगाम. ट्रॅनमिअर तेव्हा लीग वनमध्ये. मार्चमध्ये सामने थांबले ते पुन्हा झालेच नाहीत. मग जूनमध्ये क्लबांनी मत देऊन ठरवलं की गुणतक्ता सरासरीनं लावायचा : मिळवलेले गुण भागिले खेळलेले सामने. ट्रॅनमिअरचे 34 सामन्यांत 32 गुण. भागा, 0.94. त्यांच्या लगेच वर एएफसी विम्बल्डन, 35 सामन्यांत 35 गुण, बरोबर 1.00. ट्रॅनमिअर खाली घसरले, चौथ्या पायरीवर. एक सामना हातात होता, आणि थांबण्याआधीचे शेवटचे तिन्ही सामने त्यांनी जिंकलेले. त्या वर्षी "बरी" नावाच्या क्लबची हकालपट्टी झाल्यानं गटात 23 च संघ, म्हणजे प्रत्येकाचे 44 सामने. दहा सामने बाकी असताना भागाकारानं निकाल लावला.

मी स्वतः सांख्यिकी शिकवते. सरासरी खोटी नसते, पण "गेल्या तीन आठवड्यांत सूर सापडला होता" हे ती सांगत नाही. तरी दुसरा कुठला नियम लावला असता तर दुसरं कुणीतरी रडलं असतं, हेही खरं. वहीत 32, 34 आणि 0.94 तिन्ही लिहा. नुसतं 0.94 लिहिलं तर नातवंडांना कळणार नाही.

मर्सीपार

मंडळी, काय बोलू. काल रात्रपाळीच्या सुट्टीत चहाचा कप घेऊन 168 अधिक 230 अधिक 3 स्वतः मांडून पाहिलं आणि एकट्यानंच "हाय का नाय!" म्हणून ओरडलो. बरोबरच्या नर्सनं वळून बघितलं.

वही अर्धी झालीय. बनीला एक पान, हॅरल्डला एक पान. मधे एक पान कोरं ठेवलंय, म्हणजे पुन्हा कुणी दोघांना एक करणार नाही.

आता एकच अडतंय. 2015 साली क्लब लीगमधूनच, म्हणजे वरच्या चारही पायऱ्यांतून, बाहेर पडला, 94 वर्षांनी. 2018 मध्ये वेम्बलीवर बोरम वुडला 2–1 हरवून परत आला. त्या तीन वर्षांचे गोल, सामने हे सगळं "लीग" मध्ये धरायचं का? म्हणजे जेम्स नॉरवुडच बघा. वेम्बलीवरचा विजयी गोल त्याचा, त्याआधी बिगर-लीगमध्ये ढिगानं मारलेले. आणि वर आल्यावर 2018-19 मध्ये लीग टूत सगळ्यांत जास्त गोल पण त्याचेच. माणूस तोच, शर्ट तोच, मैदान तेच. निम्मे गोल मोजायचे आणि निम्मे नाहीत?

आजोबांच्या डब्यात ह्या तीन वर्षांची एकही चिठ्ठी नाही. पण मुलगी म्हणते, घरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता.

आकडेमोडे

लीगच्या बेरजेत धरायचे नाहीत. हॅरल्डचे 595 आणि बनीचे नऊ ज्या खात्यात आहेत, त्या खात्यात हे जमा होत नाहीत. नियम म्हणजे नियम.

पण वहीत पान मात्र द्या. वेगळं खातं, वेगळी शाई. वर मथळा लिहा, "2015 ते 2018", खाली बेरीज. एकूण बेरजेत ओढू नका, एवढंच.

पेठकरी

आणि वाढदिवसाला आजोबांनी काय चूक काढली ते इथं येऊन सांगायचं. काढणारच ते.