बायोडेटात ‘होमली’ लिहिलं तर चालतं का?

कर्वेनगरची_ताई
मामेबहिणीचा बायोडेटा इंग्रजीत करायला घेतलाय, स्थळ न्यू जर्सीचं आहे, मुलगा लहानपणापासून तिकडेच वाढलेला. मामीने जुन्या मराठी बायोडेटातलं ‘गृहकृत्यदक्ष’ काढून तिथे ‘होमली’ टाकलंय. वर श्री गणेश प्रसन्न, मग जन्मवेळ, उंची, रंग, आणि रंगाच्या बरोब्बर खालच्या ओळीत ठळक अक्षरात ‘होमली’. काल ऑफिसमधली मैत्रीण, शिकागोला राहून आलेली, ते वाचून म्हणाली अगं हे आधी काढ. पण मामीला पटत नाहीये, ती म्हणते लग्नाच्या जाहिरातीत सगळे हेच लिहितात आणि आपल्या कोपऱ्यावरच्या मेसच्या बोर्डावर पण ‘होमली फूड’ आहे, मग ते जेवण काय वाईट असतं का. मला तिला दुखवायचं नाहीये, नीट समजावून कसं सांगू?

शिकवणी_कोथरूड
मैत्रीण बरोबर सांगतेय, ताई. अमेरिकेत माणसाला होमली म्हटलं की अर्थ सरळ ‘दिसायला बेताची’ असा होतो, दुसरा अर्थ त्यांच्या मनातही येत नाही. आणि तुमच्याकडे तर तो रंग-उंचीच्या खालीच आलाय, म्हणजे वाचणारा रूपाबद्दलच धरणार. ब्रिटिश लोक मात्र साध्या, उबदार, घरच्यासारख्या जागेला किंवा जेवणाला होमली म्हणतात, त्यामुळे तुमचा मेसवाला चुकलेला नाही. अमेरिकन लोकांना तेच म्हणायचं असेल तर ते ‘होमी’ म्हणतात. घर सांभाळणारी मुलगी हा अर्थ आपल्या भारतीय इंग्रजीतला.
रूपाचा अर्थ काही अमेरिकेत नव्याने जन्माला आलेला नाही बरं का, जुन्या इंग्रजीतही होता. इंग्रज कवी मिल्टनच्या १६३४ च्या ‘कोमस’ या नाट्यकाव्यात एक पात्र म्हणतं की ज्यांचा चेहरा होमली त्यांनी घरीच बसावं, होम वरूनच तर त्यांना ते नाव पडलंय.
मामींना हे मराठीतून सांगा. एखादं स्थळ बघून आलेली काकू ‘मुलगी साधी आहे हो’ म्हणाली तर आपल्याला छान वाटतं, पण तीच ‘दिसायला साधी आहे’ म्हणाली की आपण काय समजतो? शब्द तोच, घसरला कुठे ते बघा. होमलीचं असंच झालंय, त्यांना लगेच कळेल.

सिंहगड_रोड
मला हे पटत नाही. आपण इतकी वर्षं हा शब्द वापरतोय, आपलं इंग्रजी पण इंग्रजीच आहे ना, दर वेळी अमेरिकेला विचारून का लिहायचं? इथल्या स्थळासाठी मी तरी बिनधास्त लिहीन.

शिकवणी_कोथरूड
इथल्या स्थळाला लिहा की, मी चूक म्हणतच नाहीये. पण हा कागद न्यू जर्सीत उघडणार आहे आणि वाचणाऱ्याला आपला अर्थ माहीत नाही, नुकसान त्या मुलीचं होईल.

डबेवाली_आत्या
मी वीस वर्षं डबे देते, पोरं म्हणतात आत्या बोर्ड इंग्रजीत लाव. मी मराठीतच ‘घरगुती डबा’ ठेवलाय. पण बघा, घरगुती हा शब्द जेवणाला शोभतो, गॅसला चालतो, मुलीला ‘घरगुती मुलगी’ कोणी म्हणतं का? आपल्याला पण ते खटकतंच. होमली, गृहकृत्यदक्ष काहीच नको, पोरगी काय करते ते लिहा ना, ते वाचून माणूस डोळ्यासमोर उभा राहतो.

कर्वेनगरची_ताई
आत्या, तुमचं ऐकलं. मामीला ‘दिसायला साधी’वालं उदाहरण दिलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली अगंबाई म्हणजे मीच माझ्या पोरीला नाव ठेवलं की. तिचं तिनेच खोडलं, पेनाने, दोनदा. आता त्या ओळीत लिहिलंय की ती बँकेत नोकरी करते, रविवारी घरच्यांसाठी स्वयंपाक तीच करते आणि आजोबांना संध्याकाळी फिरायला घेऊन जाते. इंग्रजी एकदम साधं ठेवलंय. मामीला फक्त ‘रंग गोरा’ काढायला अजून पटवतेय, ते माझ्या मते होमलीपेक्षाही आधी जायला हवं होतं.